अनुक्रमांक एकसष्ट: पितळी दिवा, एक

परिचारिकेच्या हातातला दिवा कधीच विझत नाही.

हे वाक्य माझं नाही. सिल्वासातल्या ज्या ट्रस्ट हॉस्पिटलात मी मेट्रन होते, तिथे दर बारा मेला, म्हणजे परिचारिका दिनाला, स्टेजमागे जो बॅनर लागायचा त्यावर ते सोनेरी अक्षरांत छापलेलं असायचं. बॅनरवर साल घातलेलं नव्हतं, त्यामुळे तो दर वर्षी चालायचा. विझण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आमचा दिवा एकदा हरवला होता, आणि त्यापायी आमच्या एका सिस्टरची डिग्रीची सीट जवळजवळ गेली होती.

सोमवारी सकाळी साडेनऊला वैशाली माझ्या टेबलासमोर उभी होती. वैशाली ही आमच्या लेबर रूमची, म्हणजे बाळंतपणाच्या विभागाची, इन्चार्ज सिस्टर. मूळची शिरपूरकडची. नवरा अथालच्या एका धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. तिच्या हातात मुंबईजवळच्या एका नर्सिंग कॉलेजचं पत्र होतं. पोस्ट बेसिक बी.एस्सी.च्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं. गुरुवारी दुपारी चारपर्यंत ओरिजिनल कागद आणि हॉस्पिटलचं रिलीव्हिंग लेटर घेऊन हजर व्हायचं होतं. नाहीतर सीट वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या मुलीला.

"मॅडम, सोमवार झालाच म्हणा," ती म्हणाली. "तीन दिवस उरले."

आता ही पोस्ट बेसिक काय भानगड आहे ते सांगते, कारण हॉस्पिटलबाहेरच्या माणसाला सगळ्या नर्सेस सारख्याच दिसतात. बारावीनंतर नर्स व्हायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक चार वर्षांची डिग्री, बी.एस्सी. नर्सिंग. दुसरा जी.एन.एम.चा डिप्लोमा, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी. दोन्हीकडून बाहेर पडलेल्या मुलींची राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, दोघी रजिस्टर्ड नर्स म्हणवतात, आणि वॉर्डात दोघींना एकच बेडपॅन उचलायला लागतो. फरक पुढे पडतो. नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायचं, ट्यूटर व्हायचं, पुढे एम.एस्सी. करायचं, तर डिग्री लागते. डिप्लोमावाल्यांसाठी म्हणून पोस्ट बेसिक. नोंदणी झालेल्या नर्सने आणखी दोन वर्षं पूर्ण वेळ कॉलेजात जायचं आणि बी.एस्सी. होऊन यायचं. कागद फार नाहीत. बारावीची मार्कशीट, डिप्लोम्याच्या मार्कशीटा, चालू असलेलं रजिस्ट्रेशन, फिटनेस, वर्तणुकीचा दाखला. नोकरीत असाल तर मालकाची परवानगी. या शेवटच्या कागदात बाकीच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त वेळ जातो.

मी स्वतः डिप्लोमावाली. चिपळूणहून इथे आले तेव्हा सिल्वासात डिप्लोमावाली नर्स मिळणं हीच मोठी गोष्ट होती. पोस्ट बेसिकचा फॉर्म मी दोनदा आणला. दोन्ही वेळा भरला नाही. कारणं होती, आणि ती खरीही होती, पण आता आठवून बघते तर त्यातलं एकही फॉर्मपेक्षा मोठं वाटत नाही.

वैशाली हा अर्ज करणार हे मला वर्षभर आधी कळलं होतं. आमच्याकडे बी.एस्सी.च्या विद्यार्थिनी पोस्टिंगला येत. वैशाली त्यांना लेबर रूममध्ये सगळं दाखवायची. बाळाचं डोकं येताना हात कुठे ठेवायचा, कधी जोर लावायला सांगायचं, कधी गप्प बसायला सांगायचं. तिचा हात चांगला. एकदा एका मुलीने तिला विचारलं, सिस्टर, हे असंच का करायचं? वैशाली म्हणाली, असंच करतात. मुलीने वहीत लिहून घेतलं, "असंच करतात."

त्या दिवशी डबा खाताना ती मला म्हणाली, "मॅडम, मला कसं ते येतं. का ते येत नाही. पंधरा वर्षं झाली."

मी तिला म्हटलं, निम्म्या डॉक्टरांनाही येत नाही. ती हसली, पण तिने फॉर्म आणलाच.

आमच्या ट्रस्टची अभ्यासरजा होती. बिनपगारी, पण नोकरी शाबूत, आणि परत आल्यावर तीन वर्षं इथेच काम करण्याचा बाँड. अट एकच जाचक होती. वयाची अडतीस पूर्ण होण्याआधी कोर्स सुरू झाला पाहिजे. वैशालीला जानेवारीत अडतीस पूर्ण होणार होती. पुढच्या वर्षी जायचं तर राजीनामा देऊन जावं लागलं असतं, आणि दोन शाळकरी मुलं आणि नवऱ्याची कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी असलेली बाई राजीनामा देत नाही. म्हणजे गुरुवार हा शेवटचा गुरुवार होता. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. 

मी पत्र घेऊन ॲडमिन मॅनेजर देसाईभाईंकडे गेले. देसाईभाई सज्जन गृहस्थ. कोणत्याही अर्जाला ते नाही म्हणत नसत. आधीचा एक अर्ज बाकी आहे एवढंच सांगत.

"जाऊ द्या ना बेनला, भणशे, शिकेल तर हॉस्पिटलचंच नाव," ते म्हणाले. "फक्त चार्ज क्लिअर पाहिजे. चार्ज लिस्टवर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, तुमची सही. लगेच लेटर देतो."

चार्ज म्हणजे काय तेही सांगायला हवं. वॉर्डातली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेड स्टॉक रजिस्टर नावाच्या एका जाड वहीत लिहिलेली असते. कात्री, कॉट, वजनकाटा, बादली. त्या वस्तूंना इन्चार्ज सिस्टर जबाबदार. ती जाते तेव्हा नव्या सिस्टरला एकेक वस्तू मोजून ताब्यात देते. मोडलेली वस्तूही टाकून देता येत नाही. ती कंडेम करायला, म्हणजे बाद ठरवायला, कमिटी बसते, आणि कमिटी बसेपर्यंत मोडकी वस्तू सांभाळायची. आमच्या लेबर रूमच्या एका कपाटात पाच फुटके बेडपॅन आणि तीन पायांचं एक स्टूल कमिटीची वाट बघत होतं. ते कपाट कुलूपबंद होतं. औषधांचं कपाट दिवसभर उघडं असायचं.

चार्ज घ्यायला मी जिन्सीला नेमलं. जिन्सी केरळची, इथे सहा वर्षं, हिंदीत बोलायची, कामाला चोख. सोमवारी दुपारी मोजणी सुरू झाली. मी खुर्ची घेऊन बसले आणि रजिस्टर वाचलं. वैशाली वस्तू दाखवत होती, जिन्सी हात लावून खूण करत होती. आर्टरी फोर्सेप्स चोवीस. बरोबर. कॉर्ड कापायच्या कात्र्या आठ. बरोबर. बाळाचा वजनकाटा एक. ड्रम बारा.

हे ड्रम म्हणजे वाजवायचे नव्हेत. स्टीलचे गोल डबे, बाजूला भोकं, भोकांवर सरकती पट्टी. आत धुतलेले टॉवेल, गाऊन, कापसाचे बोळे भरायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, निर्जंतुक करायचे. वर एक कागदी टेप चिकटवतात. वाफ नीट लागली की टेपवर काळ्या रेघा उठतात. बंद ड्रम उगाच उघडायचा नाही, कारण उघडला की तो निर्जंतुक राहिला नाही. ज्याला बघायचंय त्याने टेप बघावी. जिन्सीने बारा टेपा बघितल्या आणि बारा खुणा केल्या.

अनुक्रमांक साठपर्यंत सगळं जुळलं. मग मी एकसष्ट वाचला.

"पितळी दिवा, शोभेचा, एक. ट्रस्टीसाहेबांची भेट."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे बघितलं. अक्षर माझंच होतं.

हा दिवा कोविडच्या आदल्या वर्षी आला होता. आमच्या ज्येष्ठ ट्रस्टींनी आईच्या स्मरणार्थ तो खास बनवून घेतला. लांब दांड्याचा, चित्रातल्या नर्सच्या हातात असतो तसा, बुडाशी आईचं नाव कोरलेलं. बारा मेला त्यांनी तो समारंभाने दिला, बॅनरवरचं वाक्य बॅनर न बघता म्हटलं, फोटो झाले. संध्याकाळी देसाईभाई म्हणाले, भेट आलेली वस्तू रजिस्टरला चढली पाहिजे. पण हॉलला रजिस्टर नव्हतं. माझ्या ऑफिसला नव्हतं. माझ्या बाजूला तेव्हा वैशाली उभी होती आणि लेबर रूमचं रजिस्टर तिच्या काखेत होतं. असा तो दिवा बाळंतपणाच्या विभागाच्या मालमत्तेत गेला. वैशालीने सही केली, कारण मी कर म्हटलं.

नंतर दोन वर्षं कोविडमुळे कार्यक्रम झाला नाही. तिसऱ्या वर्षी तो ट्रस्टच्या शाळेत झाला, तिथे त्यांची समई होती. त्यामुळे दिव्याची आठवण कोणालाच झाली नाही. दर वर्षी मार्चमध्ये स्टॉक तपासणी होते. तीन वर्षं एकसष्टच्या समोर बरोबरची खूण होती. खुणा माझ्याच होत्या. कोविडच्या दिवसांत मी शोभेच्या दिव्याच्या मागे धावणार नव्हते, आणि पुढच्या वर्षी आदल्या वर्षीची खूण बघून खूण केली. लोक समजतात तशी स्टॉक तपासणी अवघड नसते.

"उद्या मिळून जाईल," मी जिन्सीला म्हटलं. "बाकीचं सगळं जुळलंय. सही कर."

जिन्सी पेन हातात घेऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आपने ही सिखाया था। जो चीज़ देखी नहीं, उस पर साइन नहीं करना।"

शिकवलं होतं खरं. नव्या नर्सेसच्या पहिल्या दिवशी मी हे वाक्य दर वर्षी सांगत असे, आणि मला ते बॅनरवरच्या वाक्यापेक्षा बरं वाटायचं. मी तिला शाब्बास म्हटलं. फार मनापासून नाही.

मंगळवारी शोध सुरू झाला. हॉलच्या स्टेजखाली, स्टोअरमध्ये, माझ्या ऑफिसच्या कपाटात. माझ्या कपाटात मला हरवलेला चष्मा सापडला, तो रजिस्टरला नव्हता. दुपारी देसाईभाईंकडे गेले. दिवा रजिस्टरमधून कमी करून टाका, मी लेखी देते, असं म्हटलं.

त्यांनी हात जोडले. "मॅडम, बेडपॅन असता तर आत्ता कमी केला असता. आ तो साहेबनी बाना नामनो दिवो छे, साहेबांच्या आईच्या नावाचा. ट्रस्टी मीटिंगला ठेवावं लागेल. मीटिंग पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात तिचं कॉलेज सुरू झालेलं असेल."

"ते खरं," देसाईभाई म्हणाले. त्यांच्या तोंडचं हे वाक्य म्हणजे विषय संपल्याची खूण.

आता वॉर्डातली एक पद्धत सांगते, जी कुठल्याच पुस्तकात नाही. वस्तू हरवली की सिस्टर गुपचूप बाजारातून तशीच आणून ठेवते. थर्मामीटर, कात्री, टॉर्च. सगळीकडे चालतं. माझ्या स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्या पगारातून एक ब्लड प्रेशरचं मशीन असंच आलं होतं. वैशालीच्या नवऱ्यालाही हे सुचलं. त्याने वापीच्या भांडी बाजारात फोन करून चौकशी केली होती. तसा दिवा मिळत होता. नाव कोरून देणाराही होता. मंगळवारी संध्याकाळी वैशालीने मला हे सांगितलं. मी लगेच नाही म्हटलं नाही, हे इथे कबूल करते. नाव कुठल्या अक्षरात कोरलं होतं ते आठवण्याचाही मी प्रयत्न केला.

वैशाली खिडकीजवळ उभी होती. म्हणाली, "मी त्यांना नको म्हणून सांगितलं, मॅडम."

"का गं?"

"वर्तणुकीच्या दाखल्यावर तुमची सही आहे. आणि नवा दिवा जिन्सीच्या हातात मी द्यायचा, हा तोच म्हणून. नाही जमणार." मग म्हणाली, "नसेल तर नसेल. मुलींना शिकवते तसंच शिकवेन. असंच करतात म्हणून."

ती रडली बिडली नाही. ड्यूटीचे बूट काढून चपला घातल्या आणि बसला गेली. मी मात्र ऑफिसात बसून राहिले. दिवा तिच्या सहीवर होता, पण रजिस्टरात तो मी लिहिला होता, आणि तीन वर्षं तो आहे असं मीच सांगत होते.

बुधवारी सकाळी मी समारंभाचे फोटो मागवले. पीआरवाल्या मुलाने ते कम्प्युटरवर जपून ठेवले होते. आमच्याकडे फोटो कधी हरवत नाहीत. चाळीसेक फोटोंत ट्रस्टीसाहेब दिव्यासह. त्यानंतरच्या एका फोटोत स्टेज रिकामं होत होतं, टेबलाशी मी, आणि माझ्या हातातून हिरव्या टॉवेलात काहीतरी घेताना लेबर रूमची आया रमीलाबेन.

रमीलाबेन किलवणीची. लेबर रूममध्ये माझ्याही आधीपासून. लादी पुसण्यापासून ड्रम ऑटोक्लेव्हला नेण्या-आणण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. पुतणीच्या लग्नासाठी ती सोमवारपासून रजेवर होती आणि बुधवारी दुपारच्या शिफ्टला येणार होती. फोन ती वापरत नसे. तिच्या मते ज्याला काम असतं तो येतो.

दुपारी दोनला ती आली. हाताला मेंदी, डब्यात आमच्यासाठी लग्नातले लाडू. मी, वैशाली आणि जिन्सी तिघी लेबर रूमच्या दारात उभ्या, हे बघून तिला वाटलं लाडूंची बातमी आधीच पोचली.

"रमीलाबेन, तो पितळेचा दिवा आठवतो का? साहेबांनी दिलेला?"

"आठवते ना," ती म्हणाली. "ड्रममध्ये आहे."

"कुठल्या ड्रममध्ये?"

"नऊ नंबर. तुमचा ड्रम."

माझा ड्रम असतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं. वैशाली मात्र तडक आत ड्रमच्या रांगेकडे गेली. नऊ नंबरच्या ड्रमवर चिकटवलेली चिठ्ठी तिने तीन वर्षं रोज वाचली होती. "मेट्रन मॅडमचा. उघडू नये." तिला वाटत होतं की मोठ्या इमर्जन्सीसाठी मी एक ड्रम वेगळा भरून ठेवला आहे. जिन्सीलाही तेच वाटत होतं. रात्रपाळीवाल्या मुली नव्या मुलींना तसंच सांगत. मला विचारायचं धाडस कोणी केलं नव्हतं, आणि माझ्या शिस्तीचा मला तोवर अभिमान होता.

"पण ड्रममध्ये का ठेवलास?" मी विचारलं.

"तुम्हीच बोलले ना," रमीलाबेन म्हणाली. "सांभाळून ठेव, कोणाचा हात नाय लागला पाहिजे. ड्रमला कोणाचा हात नाय लागत." चिठ्ठी तिने एका विद्यार्थिनीकडून लिहून घेतली होती.

यात तिची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. हॉस्पिटलात कोणाचा हात लागणार नाही अशी जागा शोधायला सांगितली, तर मीही तीच सुचवली असती.

खरी गंमत यापुढे आहे. बंद ड्रम एक आठवडा निर्जंतुक धरतात. आठवड्यात वापरला नाही तर तो पुन्हा ऑटोक्लेव्हला पाठवायचा. पुस्तकात लिहिलंय की तेव्हा ड्रम उघडावा, कापड बदलावं, नव्याने भरावं. आमच्याकडे, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी, जुनी टेप काढून नवी चिकटवतात आणि ड्रम तसाच आत सारतात. नऊ नंबरचा ड्रम कोणी वापरतच नव्हतं. त्यामुळे तो दर सोमवारी ऑटोक्लेव्हला जात होता. मी ऑटोक्लेव्हचं रजिस्टर काढलं. दर सोमवारी नोंद होती, "ड्रम ९ (मेट्रन), टेप ओके." दर महिन्याच्या शेवटी खाली माझी सही. साडेतीन वर्षं. कोविडच्या लाटेतही, जेव्हा आम्हाला मास्क पुरत नव्हते, तेव्हाही दिवा चुकला नव्हता. ऑटोक्लेव्हवाल्या ब्रदरने एकदा विचारलं होतं की नऊ नंबर एवढा जड का आहे. त्याला सांगितलं गेलं, मॅडमचा आहे.

ड्रम टेबलावर ठेवला. जिन्सीने आधी हात धुतले. मग झाकण उघडून निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा घेतला आणि हिरवा टॉवेल बाजूला केला. मी म्हटलं, अगं हाताने घे. ती म्हणाली, "आदत है, मॅडम।"

दिवा होता. वाफ खाऊन खाऊन त्याचा रंग चहासारखा झाला होता. बुडाशी कोरलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. वैशालीने तो हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि जिन्सीच्या हातात दिला.

"एकसष्ट," ती म्हणाली. "पितळी दिवा, एक. बघून घे."

जिन्सीने बघून घेतला आणि सही केली. मग वैशालीने. शेवटी मी, आणि या वेळी समोर बघून. देसाईभाईंनी खरंच पंधरा मिनिटांत लेटर दिलं. लेटरमध्ये तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा होत्या. तो मजकूर छापीलच असतो, राजीनाम्याच्या पत्रातही तोच असतो. आम्ही लेबर रूममध्ये लाडू खाल्ले. गुरुवारी पहाटेच्या गाडीने वैशाली गेली आणि बारा वाजता तिचा मला मेसेज आला. "कागद घेतले. बाराखडीपासून सुरुवात आहे." खाली कॉलेजच्या फाटकाचा फोटो. त्यात ती नव्हती.

दोन वर्षं कशी गेली ते तिने सांगायचं. माझ्या कानावर एवढंच यायचं की वर्गात ती सगळ्यांत मोठी आहे, संशोधनाच्या पेपरला घाबरते, आणि मुलं सांभाळायला आलेल्या मावशीपेक्षा वडिलांच्या हातचं जास्त खातात. ती पास झाली. डिग्री मिळाली की काम संपत नाही, ती कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंदवावी लागते. तेही करून आली. बाँडप्रमाणे आमच्याकडेच रुजू झाली, आणि विद्यार्थिनींना शिकवायचं काम तिला मिळालं.

तेव्हा माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या ऑफिसात आली. हातात एक टाईप केलेला कागद.

"मॅडम, एक विचारू? न वापरलेला ड्रम आपण न उघडताच परत ऑटोक्लेव्ह का करतो?"

मी म्हटलं, "असंच करतात."

तिने हातातला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की आठवडा झालेला प्रत्येक ड्रम उघडायचा, आतलं कापड बदलायचं, नव्याने भरायचा, आणि आत काय आहे ते बाहेर लिहायचं. का, ते खाली चार ओळींत होतं. एकाच कापडातून वाफ पुन्हा पुन्हा गेली की त्याचं काय होतं, दाबून भरलेल्या ड्रमच्या मध्यापर्यंत वाफ का पोचत नाही, टेपवरच्या रेघा बाहेरचं सांगतात, आतलं का सांगत नाहीत. साधी भाषा. मी तो कागद दोनदा वाचला. पस्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी सही केली. मेट्रन म्हणून मी काढलेल्या आदेशांपैकी एवढा एकच आदेश अजून पाळला जातो असं ऐकते.

तिचा पगार डिग्रीने फारसा वाढला नाही. दाराबाहेर पाटी मात्र लागली. विद्यार्थिनींच्या वह्यांत आता "असंच करतात" लिहिलेलं सापडत नाही, असं जिन्सी सांगते. त्यामुळे वह्या जाड झाल्यात आणि तपासायला वेळ लागतो, ही तिची तक्रार.

त्यानंतरच्या बारा मेला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. बॅनर तोच. दिवा चिंच लावून घासून चकचकीत केला होता. आमचा हॉल ऑक्सिजनच्या लाईनला लागून आहे, म्हणून तिथे आग पेटवायला फायरवाल्यांची पहिल्यापासून मनाई आहे. दिव्यात सेलवर चालणारी छोटी पिवळी बत्ती ठेवतात. ट्रस्टीसाहेबांनी ती लावली, आणि परिचारिकेच्या हातातला दिवा कधीच का विझत नाही यावर ते चाळीस मिनिटं बोलले.

सेल तिसाव्या मिनिटाला संपला.